शिवलेला खिसा

"खिसा शिवलास? पोरीच्या पँटचा खिसा शिवून टाकलास तू?"

"डावाच शिवलाय, बाबा. उजवा मोकळा आहे. रुमाल ठेवू दे, पेन ठेवू दे, काय हवं ते ठेवू दे."

"मी काय रुमालाचं बोलतोय?"

"मग कशाचं? हाताचंच ना? त्या हातानेच सात ठिकाणी वाट लावलीये तिची."

"तो हात खिशात राहिला म्हणून ती आज उभी आहे इथे! अकरा वर्षं कारखान्यात काढलीन, साधा झटका नाही बसला कधी."

"झालं. आता तुमच्या गिरणीतल्या जोडीदाराची गोष्ट सांगा. तिला उशीर होतोय, पण सांगाच तुम्ही."

बाबांच्या हातात गरम इस्त्री होती, म्हणून त्यांना हातवारे करता येत नव्हते. काळी पँट टेबलावर पसरलेली होती आणि तिच्या डाव्या खिशाच्या तोंडावर धाकटीने घातलेले बारीक, नीटनेटके टाके उजेडात स्पष्ट दिसत होते.

जिच्या पँटवरून हे चाललं होतं ती दारात उभी राहून केस पुसत होती. घरात तिला फ्यूज म्हणत. लहानपणी जरा कुणी आवाज चढवला की ही आधी उडायची, म्हणून बाबांनीच ठेवलेलं नाव. हल्ली ती उडत नसे. दीड वर्षात सात मुलाखती झाल्या की माणसात उडायलाही काही शिल्लक राहत नाही.

"तुमचं ठरलं की सांगा," ती म्हणाली. "तोवर मी टॉवेल गुंडाळून जाते मुलाखतीला."

"ताई, तू मध्ये पडू नकोस."

"बरोबर आहे. पँट माझी, मुलाखत माझी. मी कशाला पडू?"

भांडणाचं मूळ फार जुनं होतं. बाबा कापडगिरणीत वायरमन होते. आई गेली तेव्हा फ्यूज नऊ वर्षांची होती, धाकटी तर अजून मांडीवरची. धाकटी शेजारी राहायची आणि शाळा सुटली की फ्यूज बाबांबरोबर लोकांच्या घरी लाइटची कामं करायला जायची. तिथे त्यांनी तिला पहिला धडा दिला तो पक्कड धरायचा नव्हे. उजव्या हाताने काम, डावा हात खिशात. दोन्ही हात कधी आत घालायचे नाहीत. एक हात तारेला लागला आणि दुसरा लोखंडाला, तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. आणि वाटेत काय असतं? "काळीज," असं तिने उत्तर द्यायचं. चुकून डावा हात बाहेर आला की बाबा पट्टीने टकटक करायचे. गिरणीतला त्यांचा जोडीदार गेला तेव्हा त्याचा डावा हात लोखंडी खांबावर होता. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की धाकटी ती बाबांच्या आवाजात म्हणून दाखवायची, मधल्या खोकल्यासकट.

फ्यूज पुढे रीतसर इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. कागदाच्या कारखान्यात देखभाल विभागात लागली. मोठमोठी यंत्रं, ओला लगदा, पायाखाली कायम पाणी, आणि त्यात वीज. तिच्या पाळीला सगळे निर्धास्त असत. ती पॅनेल उघडायची, मीटरची काळी तार चिमट्याने अर्थिंगच्या पट्टीला लावायची, लाल तार उजव्या हातात घ्यायची आणि डावा हात आपसूक खिशात जायचा. तिच्या हाताखालची पोरंसुद्धा तसंच करायला लागली. कुणी शिकवलं नाही, बघून बघून. मग कारखाना बंद पडला. दारावर नोटीस लागली, गेटवाल्याने सगळ्यांना हात हलवून निरोप दिला आणि फ्यूज तिशी उलटल्यावर पहिल्यांदा मुलाखतींना जाऊ लागली.

त्या मुलाखती एकेक नग होत्या. एका ठिकाणी चोवीस वर्षांचा पोरगा मोबाइलवर बघून प्रश्न विचारत होता.

"ट्रान्सफॉर्मर डीसीवर का चालत नाही?"

"पुढे काय लिहिलंय तुमच्याकडे?" फ्यूजने विचारलं होतं. "तेच सांगते, म्हणजे ताडून बघायला सोपं."

दुसरीकडे एका बाईंनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"कंट्रोल पॅनेलसमोर."

"आणि दहा वर्षांनी?"

"तोवर पॅनेल बदललेलं असेल. मी बहुतेक तीच असेन."

त्या बाई हसल्या नाहीत. "कळवतो," म्हणाल्या. सगळेच म्हणायचे. कळवतो हा शब्द फ्यूजला इतका पाठ झाला की दूधवाल्याने उद्या पैसे द्या म्हटलं तरी तिच्या तोंडून तोच निघायचा.

नेमकं काय चुकतंय हे कुणालाच कळेना. प्रश्न सोपे असत, उत्तरं बरोबर असत. बाबा म्हणायचे, "वशिले असतात सगळे." धाकटी म्हणायची, "तू फटकळ बोलतेस." फ्यूज म्हणायची, "मग मुकी जाऊ?" आणि घरात तीन माणसं तीन भिंतींकडे तोंड करून जेवायची.

महिन्यापूर्वी उलगडा झाला. धाकटी एका भरती एजन्सीत काम करायची. कंपन्यांकडून परत आलेले शेरे तिच्या टेबलावरून जात. ते कुणाला दाखवायचे नाहीत असा नियम होता. पण सख्ख्या बहिणीचे कागद समोर आले तेव्हा तिने ते वाचले, आणि संध्याकाळी घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "ताई, उभी राहा आणि मला मोटरबद्दल काहीतरी सांग."

"अगं, काय..."

"सांग ना! मोटर गरम होते. का होते?"

फ्यूज उभी राहिली. "आधी लोड बघेन. मग तिन्ही फेजचा करंट, एखादा कमी-जास्त असेल तर..."

"थांब. खाली बघ."

फ्यूजने खाली बघितलं. डावा हात खिशात होता. तो कधी गेला ते तिला कळलंही नव्हतं.

तीन कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती. 'ज्ञान उत्तम. वागणूक बेफिकीर, खिशात हात घालून बोलतात.' एकाने नुसतंच 'उद्धट' लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

त्या रात्री फ्यूज जेवली नाही. राग नेमका कुणाचा करायचा तेच तिला ठरवता येईना. प्रश्न घरादाराबद्दलचे असले की तिचा हात टेबलावर असायचा. तांत्रिक प्रश्न आला की तिच्या मनात पॅनेलचं दार उघडायचं, आणि उघड्या पॅनेलपुढे तो हात कुठे असतो हे त्याला पंचवीस वर्षं माहीत होतं. आणि समोर टाय लावून बसलेली माणसं, ज्यांना विजेच्या खात्यात माणूस घ्यायचा होता, त्यातल्या एकालाही तो हात तिथे का जातो हे कळलं नव्हतं.

मग महिनाभर तालीम चालली. धाकटी समोर बसून प्रश्न वाचायची आणि हात खाली गेला की चमचा वाजवायची. "हात दिसला पाहिजे, ताई. टेबलावर, फाइलवर, कशावर तरी टेकलेला. मोकळा, सैल. असा. तो मेल्यासारखा नको ठेवूस!" बाबा आतल्या खोलीतून ओरडायचे, "चमचे वाजवा, थाळ्या वाजवा, पोरीला मारा एकदाची!" तिसऱ्या आठवड्यात फ्यूज झोपेतही हात उशीवर ठेवायला लागली.

आता उरली होती ही एकच जागा. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात पाळी अभियंता. खरं काम, खरी पॅनेलं, एका पाळीला एकच इंजिनिअर. पण पस्तीस पूर्ण झालेल्याला अर्ज करता येत नव्हता आणि फ्यूजला पस्तीस पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते. खाजगी कंपन्यांनी आपलं मत लिहून ठेवलंच होतं. ही गेली की पॅनेलपुढे उभं राहायचं तिचं आयुष्य संपलं. हे तिघांनाही माहीत होतं, म्हणूनच इस्त्रीच्या टेबलावर इतका आवाज चढला होता.

"द्या ती पँट," फ्यूज म्हणाली. "टाके राहू देत. बाबा, मी तिथे बोलायला चाललेय, दुरुस्तीला नाही."

बाबांनी इस्त्री उभी ठेवली आणि पँट तिच्या हातात दिली.

केंद्राच्या कचेरीत वरच्या मजल्यावर पॅसेजमध्ये बारा उमेदवार बसले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात टिकटिकणारा पंखा. शेजारचा मुलगा जाड नोट्स उघडून ओठ हलवत होता. त्याने फ्यूजकडे बघून विचारलं, "मॅडम, तुम्ही मुलाखत घेणाऱ्यांतल्या का?"

"नाही. तुमच्यातलीच. जरा शिळी."

तो खजील झाला. तिचा नंबर पाचवा लागला.

आत तिघं होते. मधोमध चष्मा कपाळावर चढवलेले साहेब, डाव्या बाजूला फॉर्म भरणाऱ्या बाई आणि खिडकीशी धुऊन धुऊन रंग गेलेल्या निळ्या कामाच्या कपड्यांत एक सडपातळ म्हातारे गृहस्थ. त्यांची ओळख कुणी करून दिली नाही. ते बाहेर टाकीकडे बघत बसले होते.

फ्यूजने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मोकळे, सैल.

"कागद कारखाना का सोडलात?"

"मी नाही सोडला, साहेब. त्यानेच मला सोडलं. माझ्यासकट आणखी चारशे जणांना."

साहेब हसले. बाईही हसल्या. फ्यूजला हायसं वाटलं. मग प्रश्न आले. दोन पंप एकत्र सुरू केले तर काय होईल, केबल कशी निवडाल, जादा भार आला की मोटर बंद करणारा रिले का ट्रिप होतो. प्रत्येक प्रश्नाला मनात पॅनेलचं दार उघडलं आणि प्रत्येक वेळी हात खाली सरकू लागला, पण टेबलाच्या कडेशी थांबला. तिला तो हात दुसऱ्या कुणाचातरी, कामावर नवीन लागलेल्या माणसाचा वाटत होता. पण राहिला बिचारा जागेवर.

"रात्रपाळीला घरचं काही...?" बाईंनी वाक्य अर्धवट सोडलं.

"अकरा वर्षं केलीये. घरचे जागेच असतात. भांडत."

बाईंनी काहीतरी लिहिलं. फ्यूजला उलटं वाचायची सवय होती, कारखान्यात सगळे आराखडे तिला उलट्या बाजूनेच बघायला मिळायचे. 'वागणूक: अतिशय चांगली. आत्मविश्वास दिसतो.' दीड वर्षात पहिल्यांदा तिला वाटलं, धाकटीला उचलून गोल फिरवावं.

"आमच्याकडून झालं," साहेब म्हणाले. "आता खाली प्रात्यक्षिक. हे आमचे फोरमन. तुम्हाला पाळीवर सोडायचं की नाही हे शेवटी यांच्याच कागदावर ठरतं."

खिडकीतले गृहस्थ उठले.

खाली वर्कशॉपमध्ये पायाला कंप जाणवत होता. पलीकडे सहा मोठे पंप चालू होते. त्या आवाजात फ्यूजचे खांदे सैल झाले. हा आवाज ओळखीचा होता. ग्रीसचा वास, कोपऱ्यात मळकी बादली, भिंतीवर पिवळी पडलेली सूचना. भिंतीला लावलेलं एक पॅनेल, एका बाकावर मीटर आणि जाड रबरी हातमोज्यांची जोडी.

"ही मोटर सुरू होत नाही," फोरमन म्हणाले. "का, ते सांगा. सप्लाय चालू आहे, चालूच ठेवायचा. घाई नाही."

फ्यूजने मीटर उचलला. आधी शेजारच्या चालू सॉकेटवर लावून तो नीट दाखवतोय का ते बघितलं. फोरमनच्या भुवया जरा वर गेल्या, चांगल्या अर्थाने. तिने उजव्या हातात मोजा चढवला. पॅनेलचं दार उघडलं, काळी तार चिमट्याने पट्टीला लावली. दार सैल होतं, हळूहळू मिटायला लागलं. डावा हात आपल्या घरी निघाला. खिशाच्या तोंडावर त्याला टाके लागले. तो तिथून घसरला, क्षणभर हवेत घुटमळला आणि मग महिनाभर शिकल्याप्रमाणे समोर जे होतं त्यावर जाऊन टेकला. मोकळा, सैल. दार मिटायचं थांबलं.

फ्यूजचं तिकडे लक्षच नव्हतं. लाल तार एकेका स्क्रूवर ठेवत ती खाली उतरत होती. इथे व्होल्टेज आहे. इथे आहे. स्टॉप बटणाच्या पुढेही आहे. ओव्हरलोड रिलेच्या पुढे नाही. तिने रिले रिसेट केला. तरी नाही.

"रिले ट्रिप झालाय आणि रिसेट करूनही त्याचा आतला संपर्क जोडला जात नाहीये. रिले बदलावा लागेल. पण आधी तो ट्रिप का झाला ते बघेन, नाहीतर नवाही जाईल."

"चार मिनिटं," फोरमन म्हणाले. "सकाळपासून एवढ्यात कुणी केलं नाही. आणि तो का गेला हे बघायचं तर कुणी म्हटलंच नाही."

फ्यूज हसली.

"मोजा एकाच हातात का?"

"दुसरा हात आत जातच नाही ना. सवय आहे."

"चांगली सवय आहे. मग तो कुठे असतो?"

"खिशा..." म्हणता म्हणता तिने बघितलं. डावा हात, उघडा, पत्र्याच्या दारावर होता. बोटं कडेभोवती नीट वळलेली.

पंप तसेच घुमत राहिले.

"ते दार मीच सैल ठेवलंय," फोरमन म्हणाले. "आपोआप मिटतं. लोक धरतात. खाली लाकडाचा तुकडा आहे बघा, अडकवायला."

तुकडा तिथेच होता, तिच्या बुटापाशी. आत येतानाच तिला दिसला होता.

"साहेब, हे मला माहितेय. नऊ वर्षांची असल्यापासून माहितेय! माझे वडील वायरमन आहेत. एक हात आत, दुसरा खिशात, मी पंचवीस वर्षं..."

"मग आज काय झालं?"

"खिसा शिवलेला आहे!"

तिच्या तोंडून गेलं ते गेलंच. फोरमननी तिच्या पँटकडे बघितलं आणि टाके दिसल्यावर आणखी जवळून बघितलं.

"कुणी शिवला?"

"बहिणीने."

"कशासाठी?"

"मुलाखतीसाठी. लोक म्हणतात मी उद्धट आहे. हात खिशात घालून बोलते म्हणून सात ठिकाणी नाकारलं मला. महिनाभर घरात चमचे वाजवून घेतलेत मी, हा हात बाहेर ठेवायला! वर तुमच्या साहेबांना केवढा आवडला तो, टेबलावर ठेवलेला! आणि तुम्ही इथे खाली आणून... आधी कुठे होतात तुम्ही? त्या सात ठिकाणी तुमच्यासारखा एक माणूस नव्हता बसवता येत कुणाला?"

"हीसुद्धा मुलाखतच आहे, बाई."

"मला परत करू द्या. आत्ता. कुठलंही पॅनेल उघडा."

फोरमननी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं हे दिसत होतं, आणि त्याचाच फ्यूजला जास्त संताप आला. एखादा खडूस असता तर भांडता तरी आलं असतं.

"तुमच्याआधीच्या चौघांतल्या तिघांनी दार धरलं," ते म्हणाले. "त्यातला एक रडायलाच लागला. त्याला मी परत संधी दिली नाही. आता तुम्हाला दिली तर त्याला काय सांगू? की त्याचा खिसा मोकळा होता?"

"पण माझं..."

"माझ्या कागदावर एकच प्रश्न आहे. या माणसाला पॅनेलपाशी एकटं सोडता येईल का? इथे एका पाळीला एकच माणूस असतो. आवाज दिला तरी पंपांत ऐकू जात नाही. मला तुमच्याबद्दल काय वाटतं ते विचारलेलंच नाही त्यांनी."

त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि लिहिलं. दोन अक्षरं होती. ती वाचायला फ्यूजला कागद उलटा असण्याची अडचण आली नाही.

दारावरचा हात तिने मघाशीच काढला होता. मिटत आलेलं दार आता पूर्ण मिटलं. फोरमननी मीटरच्या तारा गुंडाळल्या, चिमटा जागेवर अडकवला.

"बिघाड शोधणं तुमचं पक्कं आहे," ते हळू म्हणाले. "असं बघणारी माणसं आता येत नाहीत. पुढच्या वर्षी याच पाळीच्या दोन जागा निघतायत. मी तेव्हा नसेन, पण माझ्या जागी येणाऱ्याला तुमच्याबद्दल सांगून ठेवीन. खिसा तेवढा उसवून घ्या. याल ना?"

फ्यूजने मोजा उतरवला. तिचं वय त्यांच्या कागदावर नव्हतं.

"काय? पुढच्या वर्षी याल ना?"

तिने तो दुसऱ्या मोज्याशेजारी नीट ठेवला, बाकावरची फाइल उचलली आणि जिन्याकडे चालू लागली.